पहिल्या नंबरची बुंदी

खेमराजने सायकल कुंपणाला टेकवली नाही, आपटली. अंगणात तांदूळ पाखडत बसलेल्या जिजाबाईने पदर पुढे ओढला आणि सूप खाली ठेवलं. खेमराज तिचा मोठा दीर, म्हणजे भासरा. भासऱ्याशी सुनेने थेट बोलायची या घरात रीत नव्हती. काही सांगायचं असलं तर सासऱ्याला ऐकवायचं, नाहीतर भिंतीला. पण सायकलच्या आवाजावरूनच तिला कळलं की शाळेत काहीतरी बिनसलं आहे, आणि ते तिनेच लावलेल्या आगीतून बिनसलं आहे.

आग तिनेच लावली होती. तिची ललिता यंदा ग्यारहवीत, म्हणजे शाळेच्या शेवटच्या, अकरावीच्या वर्गात होती आणि छमाहीत, सहामाही परीक्षेत, पहिली आली होती. त्या मुलींच्या हायर सेकंडरीत एक जुनी चाल होती. वसंत पंचमीला सरस्वतीची पूजा ग्यारहवीतल्या पहिल्या नंबरच्या मुलीने करायची. तिने पिवळी साडी नेसायची, तिच्या आईबापांनी पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसायचं, आणि पूजा झाली की तिच्याच हातून सगळ्यांनी बुंदी घ्यायची. आधी बड़ी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, मग बाकीच्या बहनजी, मग अख्खी शाळा. झेंडावंदन, गणपती, खेळांचे सामने, वार्षिकोत्सव, शेवटी दसवीच्या मुलींनी ग्यारहवीला दिलेली विदाई, असं शाळेचं वर्ष भरगच्च असायचं आणि सगळं लोक विसरूनही जायचे. पण यंदा बुंदी कोणाच्या हातची होती, हे बालाघाटच्या वॉर्डावॉर्डांत लक्षात राहायचं. सोयरिकीच्या बोलण्यात सुद्धा बाया सांगायच्या, आमच्या पोरीनं बुंदी वाटली आहे म्हणून.

आणि परवा नळावर गोदाबाईने सांगितलं होतं की पिवळी साडी अलकनंदाला आणायला सांगितली आहे. गोदाबाई शाळेत घंटा वाजवायची, पाणी भरायची. तिची बातमी कधी खोटी निघत नसे. अलकनंदा वकिलांची मुलगी, दुसरी आलेली. जिजाबाईने भरायला लावलेली बादली नळाखाली तशीच सोडली आणि भरवेलीला जाणाऱ्या एका खाणकामगाराकडे खेमराजसाठी निरोप धाडला. नवऱ्याला काही सांगितलं नाही. घनश्यामला सांगून काय होणार होतं? तो कचेरीत बाबू. समोरचा जे म्हणेल त्याला 'हौ' म्हणायचं, आणि घरी आल्यावर 'जाऊ दे' म्हणायचं, एवढ्यावर त्याची नोकरी आणि तिचा संसार आजवर चालला होता. खेमराज मात्र खाणीत युनियनचा माणूस. त्याचा आवाज मोठा, आणि तो वापरायला त्याला कारण लागत नसे.

निरोप गेल्याचं कळलं तेव्हा सासरे, डोमाजी, तिच्यावर चिडले होते. जी गोष्ट आपल्याला करायचीच नाही, ती मिळाली नाही म्हणून भांडायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. छप्पन साली त्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या दिवसापासून या घरात दगडाला कोणी हात जोडले नव्हते. जिजाबाईने ऐकून घेतलं होतं. मनातून मात्र ती म्हणत होती की न करणं वेगळं आणि न करू देणं वेगळं, आणि एवढं म्हाताऱ्याला कळत कसं नाही.

आता डोमाजी ओसरीत बाजेवर बसले होते. खेमराज त्यांच्यासमोर उभा राहिला. बसला नाही.

"बहनजीनं मले खुर्ची देली," तो म्हणाला. "पानी विचारलं. मी म्हनलं, पानी नको, जवाब पाह्यजे. आमची पोरगी पहली आली, मंग पूजा दुसरीले काहून? तं ते हासली. हासली, बा. म्हने, आपके भाई साहब खुद यहाँ आकर मना करके गए हैं. आपको घर में किसी ने बताया नहीं?"

जिजाबाईने सूप बाजूला सारलं.

"घनश्याम?" डोमाजी म्हणाले.

"घनश्याम नाई तं कोन? दोन भाऊ आहो आमी. मी भरवेलीवरून सुट्टी टाकून जातो, अन् तिथं मले कळते का माह्याच भावानं सौदा करून ठेवला आहे. मले तं असं वाटलं का त्या खुर्चीतच जमिनीत जावं."

जिजाबाईला आधी खेमराजचाच राग आला. याला वाटतंय की याचा अपमान झाला. मग घनश्यामचा राग आला, आणि तो इतका आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्या पाण्याचा तिला अजूनच राग आला. चार दिवस तो माणूस तिच्या हातचं जेवत होता. ललिताने ताटात भात वाढला तेव्हा 'बस, बस' म्हणत होता. पोरगी पहिली आली म्हणून त्याने वॉर्डात पेढे वाटले होते, आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

शनिवारची कचेरी अर्ध्या दिवसाची. घनश्याम आला तो पिशवीत वांगी आणि मेथी घेऊन. अंगणात पाऊल ठेवलं, भाऊ दिसला, वडील दिसले, बायकोचं तोंड दिसलं, आणि त्याने पिशवी हळूच दाराशी ठेवली. तो गुन्हेगारासारखा दिसत होता. जिजाबाईला वाटलं, आता याने खोटं बोलू नये एवढं तरी व्हावं.

तो खोटं बोलला नाही. तेवढं खरं. बहनजींनी कचेरीत चपराशी धाडला होता. तो गेला. बहनजींनी त्याला खोलीत बसवलं, कपबशीतून चहा दिला, ललिताची तोंड भरून स्तुती केली. अशी लड़की पुऱ्या जिल्ह्यात नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, आप लोग तो अब पूजा-पाठ मानते नहीं, है ना? हा म्हणाला, हौ. त्या म्हणाल्या, तो बच्ची को धर्मसंकट में क्यों डालें? हा म्हणाला, हौ. त्या म्हणाल्या, तुम्हीच एकदा तसं सांगा, म्हणजे शाळेवर ठपका नको आणि तुमचीही इज्जत राहील. यालाही हा 'हौ' म्हणाला, आणि नमस्कार करून निघाला.

"मंग काय वाईट बोलला तो?" डोमाजी म्हणाले. ते खेमराजकडे पाहत होते, घनश्यामकडे नाही. "खरं तेच सांगतलं ना? आपन मानत नाई. मानत नाई म्हनून सांगतलं. यात सौदा कुठून आला? तुले भांडायची खाज आहे, खेमराज. लहानपनापासून आहे."

खेमराज तडकला. मग बापलेकांचं जुनं सगळं निघालं. लामत्याचं शेत कोणी सोडलं, खाणीत कोण आधी गेलं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं. घनश्याम दोघांच्या मध्ये मान खाली घालून उभा. त्याला वाटत असावं, वादळ आपल्यावरून निघून गेलं. वडील आपल्या बाजूने आहेत म्हटल्यावर त्याचे खांदे जरा सैलही पडले. जिजाबाईने ते पाहिलं. त्या खांद्यांनीच तिला बोलायला लावलं.

"बुंदीचं काय म्हनली ते?" तिने विचारलं.

घनश्यामने मान वर केली नाही.

"मी तुमालेच विचारून राह्यली. पूजेचं सांगतलं तुमी. बुंदीचं काय बोलली बहनजी? का बुंदीची गोष्टच निंघाली नाई?"

खेमराज आणि डोमाजी तिच्याकडे वळले. सुनेचा एवढा आवाज त्या ओसरीत आजवर कोणी ऐकला नव्हता.

"निंघाली होती," घनश्याम म्हणाला.

"मंग सांगा."

त्याने सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी. काही पालक म्हणत होते. बहनजी स्वतः तसं मानत नाहीत, पण पालकांचं तोंड कोण धरणार. देवापुढचा प्रसाद, वाटणारीचा हात लागलेला, घरी नेतात, म्हाताऱ्या माणसांना देतात. त्या म्हणाल्या, आप तो समझदार आदमी हैं.

"अन् तू काय म्हनला?" हे डोमाजींनी विचारलं.

घनश्याम काय म्हणाला असेल ते सगळ्यांनाच माहीत होतं.

डोमाजी बाजेवरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला, पण कोणी हात द्यायला पुढे होऊ नये, अशी त्यांची मुद्रा होती. ते मुलाच्या अगदी जवळ गेले.

"मी त्या प्रतिज्ञा काहून घेतल्या, तुले माहीत आहे? मान वर करून चालाले घेतल्या. तू त्याईच्या आड लपून मान खाली घातली. बहनजीले तुह्या पोरीच्या हातचं खायाचं नोहोतं, अन् तू तिले माह्या प्रतिज्ञा काढून देल्या, का घे बाई, याच्यात झाक. याच्यापेक्षा तू सरळ म्हनला असता का मी भेलो, तं मी काही बोललो नसतो."

जिजाबाईला घनश्यामची दया यायला हवी होती, पण आली नाही. ही वेळ दयेची नव्हती.

आता म्हातारा आणि खेमराज एका बाजूला आले. पण तेही पाच मिनिटं टिकलं नाही. खेमराज म्हणाला, सोमवारी युनियनची पोरं घेऊन शाळेवर जातो, पूजा ललिताच करेल, पाहतो कोण अडवतं. डोमाजी म्हणाले, पूजा होणार नाही. खेमराज म्हणाला, हक्काचा प्रश्न आहे. डोमाजी म्हणाले, हक्क असला म्हणून विष खायचं का? खेमराज म्हणाला, मग काय नुसतं घरात बसायचं? डोमाजींनी काठी जमिनीवर आपटली.

"या घरातली पोरगी दगडासमोर बसनार नाई. हे ठरलं आहे. छप्पन साली ठरलं आहे."

"कोनी ठरवलं?"

हे बोलल्यावर जिजाबाईला कळलं की ती उठून उभी राहिली आहे आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर आला आहे. भासरा समोर होता. तिने पदर सावरला नाही.

"मामाजी, तुमी नागपूरवरून आले त्या दिवशी मले म्हनलं, जिजा, देव टोपल्यात भर. मी भरले. माह्या मायनं देल्ला खंडोबाचा टाक होता, तोही भरला. टोपलं डोक्यावर घेऊन वैनगंगेवर मीच गेलती, तुमच्या मांगं मांगं. पोरगी काखेत होती. पुऱ्या रस्त्यानं मले कोनी एक शब्द विचारला नाई."

"तुले ते देव पाह्यजे होते?" डोमाजींचा आवाज कडक होता, पण त्यात आता जरा भीतीही होती.

"नाई. मले विचारलेलं पाह्यजे होतं. मी हौच म्हनली असती. त्या देवाईनं काय देलं होतं आपल्याले, का मी त्याईच्यासाठी रडीन? पन विचारलं असतं तं ते माहं झालं असतं. आता ते तुमचं आहे. अन् आता माह्या पोरीचंही तसंच करून राह्यले. बहनजीनं बापाले विचारलं, बाप हौ म्हनला. भाऊजी म्हनतात पूजा करन, तुमी म्हनता नाई करन. तिची जीभ कापली आहे का?"

खेमराजने दुसरीकडे पाहिलं. लहान भावाच्या बायकोने त्याला 'भाऊजी' म्हटलेलं त्याने आज प्रथमच ऐकलं असेल. डोमाजी तसेच उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. इतक्या वर्षांत सून आपल्याशी भांडेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि भांडली ती अशा गोष्टीवरून, जिचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता.

आणि तेव्हा जिजाबाईला स्वतःचीच लाज वाटली. तिने तरी कुठे विचारलं होतं? नळावरून बादली टाकून ती पळाली होती ती खेमराजला निरोप धाडायला. पोरगी घरातच अभ्यास करत होती, आणि तिच्याकडे ती गेली नव्हती.

ललिता दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिचा बाप, आजोबा, मोठे बाबा, तिघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं, आणि तिघांच्याही तोंडावर आपापला जबाब आधीच लिहिलेला होता. ललिताचं तोंड लाल झालं होतं. ती रडून आलेली नव्हती.

"तुमचं झालं का सारं?" ती म्हणाली.

"सांग, पोरी," डोमाजी म्हणाले. त्यांना ते शब्द जड गेले. "तू सांग, तुले काय करायचं आहे. मी मांगं हटतो."

"इथं नाई सांगत, आबा."

"काहून?"

"जिनं मले विचारायचं होतं तिले विचारू द्या. शाळेत, साऱ्याईच्या समोर. तवा सांगीन." मग ती बापाकडे वळली. "बाबा, तुमी जाऊन सांगा का तुमचा शब्द तुमी वापस घेतला. मोठे बाबा नाई जानार. तुमी."

आणि ती आत गेली. त्या संध्याकाळी वांगी आणि मेथी दाराशीच पडून राहिली.

घनश्याम सोमवारी गेला. आपणहून गेला असं जिजाबाई कधी म्हणणार नाही, कारण ती त्याच्यासोबत फाटकापर्यंत नाही, खोलीपर्यंत गेली. बड़ी बहनजी, प्रेमलताबाई देशकर, टेबलामागे बसल्या होत्या. त्याच वेळी अलकनंदाची आईही तिथे बसलेली होती, आणि दोघींचं मराठीत हसणं-बोलणं चाललं होतं. वकिलीणबाई निघून गेल्या तशा बहनजी या दोघांकडे वळल्या आणि हिंदीत बोलायला लागल्या. ही नवराबायको मराठी आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. जिजाबाईने तेही मनात ठेवलं.

घनश्याम कसाबसा म्हणाला, की मी जे बोलून गेलो ते चुकीचं होतं. बहनजी म्हणाल्या, पर आपने तो खुद कहा था. जिजाबाई वाट पाहत राहिली. तिला खात्री होती की आता तो 'हौ' म्हणेल आणि परत फिरेल.

"कहा था," घनश्याम म्हणाला. "लड़की से पूछे बिना कहा था. आप उससे पूछ लीजिए. सबके सामने."

एवढं तो बोलला. बहनजींनी थोडा विचार केला. खेमराजचा शनिवारचा आवाज त्यांच्या कानांत असणारच, आणि युनियनवाले वर्तमानपत्रात जातात हेही त्यांना माहीत होतं. शिवाय मुलगी बौद्धांची. पूजेला ती नाहीच म्हणणार. मग सगळ्यांसमोर तिनेच नाही म्हटलेलं बरं, नाही का? बहनजी प्रसन्न हसल्या. ठीक है, म्हणाल्या, मैं मंच से पूछ लूँगी.

पंचमीच्या दिवशी डोमाजींनी पांढरं धोतर नेसलं. काहीही झालं तरी मी येतो, ते म्हणाले, आणि 'काहीही' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. ललिता काय बोलणार आहे ते त्यांना माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. तिने हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्याला तिथेच, सगळ्या शाळेसमोर, गिळून घ्यावं लागलं असतं. तरी ते निघाले. त्या एका गोष्टीसाठी जिजाबाईने त्यांना अर्धं माफ केलं. पूर्ण नाही.

सभागृहात पहिल्या रांगेतल्या दोन्ही खुर्च्यांवर वकीलसाहेब आणि वकिलीणबाई बसलेले होते. घनश्याम मागच्या बाकाकडे वळायला लागला. जिजाबाईने त्याची बाही धरली आणि तिथेच, खुर्च्यांच्या बाजूला, उभी राहिली. उभीच राहिली. मुली पाहायला लागल्या, बहनजींची कुजबुज झाली, शेवटी गोदाबाई आणखी दोन खुर्च्या घेऊन आली आणि त्या मोठ्याने आपटून ठेवल्या. खेमराज आणि डोमाजी दाराशी उभे राहिले.

मंचावर सरस्वतीची तसबीर, झेंडूचे हार, शेजारी पितळेच्या परातीत बुंदी. अलकनंदा पिवळ्या साडीत, ललिता निळ्या गणवेशात. बहनजींनी माइकवर एक छोटंसं भाषण केलं. आमची शाळा सगळ्यांची आहे, सगळ्यांच्या श्रद्धेचा मान ठेवते, वगैरे. मग त्या ललिताकडे वळल्या.

"ललिता गजभिये. छमाही में प्रथम. बेटी, परंपरा के अनुसार पूजा का अधिकार तुम्हारा है. करोगी?"

दाराशी डोमाजींनी काठी बदलून दुसऱ्या हातात घेतली.

"नहीं, बहनजी," ललिता म्हणाली. "हम लोग मूर्ति नहीं मानते. पूजा मैं नहीं करूँगी. अलकनंदा करे."

बहनजींचा चेहरा उजळला. त्यांनी माइककडे तोंड नेलं. ललिता बोलायची थांबली नव्हती.

"पर बूंदी मैं बाँटूँगी. पहला नंबर मेरा है."

कोणीतरी मागून हसलं आणि लगेच गप्प झालं. बहनजी म्हणाल्या, बेटी, जो पूजा करता है वही तो प्रसाद देता है. ललिता म्हणाली, पूजा मैंने छोड़ी है, नंबर नहीं छोड़ा. आपको मना करना है तो माइक पर कर दीजिए. आवाज चढवून नाही, वर्गात उत्तर देतात तसं तिने सांगितलं. दाराशी युनियनवाला खेमराज हातांची घडी घालून उभा होता, आणि वकीलसाहेब खुर्चीत अवघडून कायद्याचा विचार करत असावेत. बहनजींनी माइक बंद केला. 'नाही' मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

अलकनंदाने पूजा केली, घाईघाईने. आरती झाली. मग तिने परात उचलली आणि आपल्या आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, नको म्हणून. ललिताने परातीची दुसरी कड धरली. दोघी मुली तशाच उभ्या, परात दोघींच्या मध्ये. मग अलकनंदाने सोडली. का सोडली, ते तिलाच माहीत.

पहिली बुंदी बड़ी बहनजींची. प्रेमलताबाईंनी हात पुढे केला, बुंदी घेतली, ललिताकडे पाहून हसल्या, आणि मूठ मिटली. मूठ पदराआड गेली. ललिता पुढे सरकायला लागली होती. जिजाबाईला वाटलं की आपण उठू नये. बायका असल्या जागी उठत नाहीत. मग ती उठली.

"बहनजी," ती मराठीतच म्हणाली, "खाऊन घ्या ना. मुठीत काहून ठेवली?"

माइक बंद होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. प्रेमलताबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. जिजाबाई बसली नाही. ललिता परात घेऊन तिथेच थांबली. मग पदराआडून मूठ बाहेर आली, आणि बड़ी बहनजींनी बुंदी तोंडात टाकली, चावली, गिळली. तेव्हा जिजाबाई खाली बसली. तिला वाटलं होतं की आता बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. एक बाई इतक्या जणींसमोर सांगितल्यावर खाते, हे खाणं तिला नको होतं. पण न खाण्यापेक्षा ते बरं होतं.

त्यानंतर त्या सभागृहात उपासांची साथच आली. वकिलीणबाईंचा उपास निघाला, दोन बहनजींचा निघाला, मुलींमध्ये तर ओळीच्या ओळी उपाशी निघाल्या. पण सगळ्या नाही. ललिता प्रत्येकीसमोर थांबत होती, "लेगी?" म्हणून विचारत होती, आणि उत्तर येईपर्यंत हलत नव्हती. काहींनी ओंजळ पुढे केली आणि तिथेच खाल्ली. काहींनी मान हलवली. मान हलवणारीला तोंडाने 'नाही' म्हणायला लावल्याशिवाय ती पुढे जात नव्हती. आईबापांना तिने आधी वगळलं होतं. जिजाबाईच्या ते लक्षात आलं होतं.

दाराशी खेमराजने मूठभर मागून घेतली. मग ललिता डोमाजींसमोर गेली.

"आबा, देवापुढची आहे. घेता का?"

"नाई," डोमाजी म्हणाले. "देवापुढची मी खात नाई."

"हौ," ती म्हणाली आणि वळली. म्हातारा तिच्या पाठीकडे पाहत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता.

मग ती पहिल्या रांगेत आली. आईच्या हातावर बुंदी घातली. जिजाबाईने खाल्ली. बापासमोर आली तेव्हा घनश्यामचे दोन्ही हात मांडीवर होते. तो परातीकडे पाहत होता, मुलीकडे नाही.

"बाबा, तुमाले देऊ का?"

आजवर कोणीही काहीही विचारलं तरी ज्याच्या तोंडातून 'हौ' आधी निघायचं, त्या माणसाला उत्तर सापडेना. मुली वळून पाहत होत्या, वकीलसाहेब पाहत होते. जिजाबाईने त्याला कोपर मारलं नाही, काही सुचवलं नाही. ललिता उभी राहिली, इतरांसमोर राहिली तशीच. शेवटी घनश्यामने मान वर केली आणि मुलीच्या डोळ्यांत पाहिलं.

"दे," तो म्हणाला.

तिने त्याच्या हातावर चिमूटभर बुंदी टाकली आणि त्याने खाल्ली की नाही हे पाहायला न थांबता परात घेऊन मंचाकडे गेली. तिचा बापावरचा राग गेला नव्हता. जिजाबाईला त्याचं बरं वाटलं.